गाडीच्या मागून ‘ठक’ येतो तेव्हा

या वेळच्या टपालात फोर बाय फोर गाड्यांच्या मागच्या बाजूने येणाऱ्या आवाजाबद्दल बरीच पत्रं आहेत. आवाज कसा येतो हे सगळ्यांनी छान लिहिलंय: ठक, खट्ट, धाड, टण्ण. तो नेमका कोणत्या क्षणी येतो, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलंय, आणि निदानाला तेच हवं असतं. चेसिस लोखंडाची असते, आवाज तिच्यातून कुठूनही कुठे पोचतो. कानाला डाव्या चाकाजवळ वाटणारा ठोका ट्रान्स्फर केसजवळचाही (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) निघतो. म्हणून पार्ट आणण्याआधी दोन दिवस नुसती नोंद ठेवा: निघताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना, खड्ड्यात, वळताना की ब्रेक लावताना.

प्रश्न : गाडीला मागे पाटे आणि सलग अ‍ॅक्सल आहे. थांबून निघताना आणि चालू गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की एकच ‘ठक’ येतो. शॉकअप बदलून झाले, पाट्यांचे बुश बदलून झाले, फरक शून्य. आता मेकॅनिक डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) उघडायचं म्हणतोय. उघडू का?

इतक्यात नको. इंजिनाचा जोर लागताना आणि सुटताना येणारा आवाज शॉकअपचा असण्याची शक्यता कमीच होती. जोराची दिशा उलटते तेव्हा गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जिथे जिथे फट आहे ती एका दमात भरली जाते आणि ठोका बसतो. फट नेमकी कुठे आहे हे हाताने शोधता येतं, त्यासाठी काहीच उघडावं लागत नाही.

गाडी सपाट जागेवर घ्या आणि चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर (डिफरन्शियलपर्यंत जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर) असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकही मोकळं होतं. हँडब्रेक ओढलेला असतो आणि तरी गाडी घरंगळते. टू-व्हील ड्राइव्हमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून निश्चिंत होणाऱ्यांचंही हेच होतं. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला असेल तर गिअरचा किंवा ‘पार्क’चा काही उपयोग नाही.

ठोकळे लागले की ट्रान्स्फर केस न्यूट्रल करा, हँडब्रेक शाफ्टवरचा असेल तर सोडा, आणि खाली जाऊन मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट फिरवा. चाकं जमिनीवरच राहू द्या. आता नजर क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या चौफुलीसारख्या जोडावर, म्हणजे यू-जॉइंटवर) ठेवा. शाफ्टकडचा योक (क्रॉस धरणारा दुबेळका) हलला आणि पिनियन फ्लँज (डिफरन्शियलच्या तोंडाची चकती) स्थिर राहिला, तर फट क्रॉसमध्ये आहे. चांगल्या क्रॉसमध्ये डोळ्याला दिसेल इतकाही प्ले (ढिलाई) नसतो. शाफ्ट वरखाली दाबूनही पाहा. कपाच्या सीलभोवती लालसर पूड दिसली तर आत ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या असं समजा, मग प्ले हाताला लागो न लागो. हीच तपासणी ट्रान्स्फर केसकडच्या क्रॉसची. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा. ते फाटलं की निघताना धपका बसतो आणि बऱ्याचदा वेग घेताना थरथरही येते.

दोन्ही क्रॉस ठीक असतील, तर शाफ्टच्या सरकत्या भागाच्या स्प्लाइन (एकमेकांत बसणाऱ्या लांबट खाचा) बघा. पाट्यांच्या गाडीत निघताना अ‍ॅक्सल किंचित पिळतो, थांबल्यावर सुटतो आणि शाफ्टची लांबी जराशी बदलते. स्प्लाइन कोरड्या असतील तर त्या सरकत नाहीत, अडकतात आणि एकदम सुटतात. गाडी पूर्ण थांबल्यावर किंवा निघाल्यावर क्षणभराने येणारा ‘ठक’ पुष्कळदा हाच असतो. ग्रीस निपल असेल तर तीन-चार दाब पुरेत. इथे उदारपणा नडतो. काही शाफ्टमध्ये स्प्लाइनच्या टोकाशी बंद पोकळी असते. ती ग्रीसने ठासून भरली की सस्पेन्शन दबताना शाफ्ट आखडायला जागा उरत नाही आणि सगळा रेटा ट्रान्स्फर केसच्या बेअरिंगवर जातो. चाकं लोंबकळत ठेवून, शाफ्ट पूर्ण लांब झालेला असताना ग्रीस भरणाऱ्यांच्या हातून हे हमखास होतं. क्रॉसचं याच्या उलट आहे. चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवायची.

शाफ्ट फिरवताना पिनियन फ्लँजच बरंच फिरतोय असं दिसलं, तर फट अ‍ॅक्सलच्या आत आहे. तरी लगेच क्राउन-पिनियनवर (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीवर) आळ घेऊ नका. बहुतेक डिफरन्शियलमध्ये क्राउनच्या दातावर डायल गेजने मोजलेलं बॅकलॅश (दातांमधली फट) ०.१३ ते ०.२५ मिमीच्या आसपास ठेवलेलं असतं. एवढ्या फटीत पिनियन साधारण अर्धा अंश फिरतो. फ्लँज हाताने सात-आठ अंश फिरत असेल तर ती ढिलाई स्पायडर गिअरच्या (डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरच्या) झिजलेल्या थ्रस्ट वॉशरची, त्यांच्या पिनची किंवा अ‍ॅक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची असते. नव्या गाडीतही हे सगळं मिळून थोडा प्ले असतोच. फ्लँज वरखाली किंवा आतबाहेर हलत असेल तर गोष्ट वेगळी. ते पिनियन बेअरिंग, आणि त्यात वेळ घालवायचा नाही.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पिनियनचं नट ‘जरा कसून’ बघणं. पुष्कळ अ‍ॅक्सलमध्ये त्या नटाखाली चेपत जाणारी स्लीव्ह असते आणि बेअरिंगचा प्रीलोड (त्यावरचा आधीच दिलेला दाब) तिच्यावरच ठरतो. नट थोडं जास्त फिरलं की स्लीव्ह जास्त चेपते, ती परत फुगत नाही. मग बेअरिंग तापून जातं आणि ठकऐवजी घरघर सुरू होते.

डिफरन्शियल उघडण्याआधी ऑइल काढा. आधी भरायचा प्लग सैल होतोय याची खात्री करा, मगच खालचा उघडा, नाहीतर रिकामी गाडी तिथेच अडकून बसेल. चुंबकावर राखाडी चिखलासारखा बारीक थर असणं स्वाभाविक आहे. नखाएवढ्या चकत्या किंवा दाताचे तुकडे दिसले, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर होतं.

क्रॉसच निघाला तर बदलताना दोन गोष्टी पाळा. शाफ्ट काढण्याआधी फ्लँज, योक आणि सरकत्या जोडावर रंगाने खुणा करा. दोन्ही टोकांचे योक मुळात एका रेषेत असतात, स्प्लाइनवर चुकीच्या दातात बसले की ठक जाईल आणि थरथर येईल. आणि कप व्हाइसमध्ये दाबून बसवा. हातोड्याने ठोकताना एखादी सुई आडवी पडते, कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. सर्क्लिप बसत नसेल तर तिला दोष देऊ नका, कप काढा आणि सुई शोधा.

प्रश्न : मागे कॉइल स्प्रिंग आणि ट्रेलिंग आर्म (चेसिसपासून मागच्या चाकांकडे जाणारे दांडे). हळू वेगात, ओबडधोबड रस्त्यावर ठकठक. गुळगुळीत रस्त्यावर कितीही जोर दिला तरी आवाज नाही.

जोर देऊन आवाज येत नाही म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल बहुधा सुटले. आता लोंबकळणारं, टांगलेलं आणि बुशवर फिरणारं काय काय आहे ते बघायचं.

सुरुवात स्टॅबिलायझर बारच्या (वळताना गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंकपासून करा, कारण ती तपासणी सर्वांत सोपी आहे. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडा, बार कशाला लागणार नाही असा वर बांधा आणि तोच रस्ता अगदी हळू पार करा. आवाज गेला तर काम झालं. एकच लिंक सोडून उपयोग नाही. शॉकअपवर हाच प्रयोग करायचा मोह होतो, पण कॉइल स्प्रिंगच्या बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सल किती खाली जाईल ते शॉकअपच अडवतो. तो सुटला की अ‍ॅक्सल आणखी खाली उतरतो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. शॉकअप जागेवरच तपासा. वरच्या दांड्याचं नट घट्ट आहे का, रबर आणि वॉशर योग्य क्रमाने आहेत का, खालच्या डोळ्याच्या बुशमध्ये पहार घालून लोखंड लोखंडाला लागतंय का. बाहेरून कोरडा दिसणारा शॉकअपही आतून ठोकू शकतो, पण हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा.

ट्रेलिंग आर्मचे बुश पाहायला दोन माणसं लागतात. एकाने पायाचा ब्रेक घट्ट धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्याने बाजूला उभं राहून चाकाच्या कमानीतून पाहायचं. गाडीखाली नाही, पुढे नाही, मागेही नाही. अ‍ॅक्सल पुढेमागे दिसण्याइतका सरकत असेल तर बुश गेलेत. पॅनहार्ड रॉडसाठी (चाकांची जोडी बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) गाडी चाकांवर उभी ठेवून बॉडी बाजूने जोरात हलवा आणि रॉडच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवा. ‘टिक’ बोटाला आधी कळते, कानाला नंतर.

बोल्टचं भोक गोल राहिलंय का हे कोणी बघत नाही. बोल्ट काही महिने सैल राहिला की ब्रॅकेटचं भोक लांबट होतं. मग नवा बुश घाला, नवा बोल्ट घाला, आठवड्यात आवाज परत. ब्रॅकेट दुरुस्त करून घ्यावं लागतं. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे कसा. बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्टने दोन कानांच्या मध्ये आवळलेली असते. आर्म हलतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळतं. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना कसलं तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि अकाली फाटतं. नव्या बुशवर साधं ग्रीस चोपडू नका, रबर फुगतं. पॉलियुरेथेनच्या बुशला मात्र सिलिकॉन ग्रीस लागतंच, नाहीतर ते कुरकुरतात.

प्रश्न : ५० मिमी लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) बसवल्यापासून मागून धाड असा आवाज येतो, विशेषतः खड्ड्यातून चाक खाली सुटताना. किट खराब आहे का?

चाक खाली सुटताना आवाज येतोय म्हणजे शॉकअपची लांबी अपुरी असावी. उंची वाढली तेवढीच शॉकअपची खाली जायची जागा कमी झाली, आणि तो टोकाला जाऊन आपटतोय. मागची दोन्ही चाकं लोंबकळतील अशी चेसिस स्टँडवर घ्या. शॉकअप पूर्ण ताणला गेलाय आणि स्प्रिंग जागेवर सैल झालेली नाही, ब्रेकचा पाइपही ताणलेला नाही, तर अ‍ॅक्सलला शॉकअपनेच अडवलंय. उलट दाबतानाचा ठोका असेल तर शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकचा बारीक टाय बांधा आणि एक फेरी मारा. टाय दांड्याच्या टोकाशी सरकलेला दिसला तर शॉकअप तळाला लागतोय. बंप स्टॉप (दबण्याची हद्द ठरवणारा रबरी ठोकळा) आधी लागायला हवा होता.

लिफ्टने आणखी दोन गोष्टी बदलतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टमध्ये ट्रान्स्फर केसचा आउटपुट आणि पिनियन समांतर हवेत, दोन्ही क्रॉसच्या कोनांत एखाद्या अंशाहून जास्त फरक नको. ट्रान्स्फर केसकडे दुहेरी क्रॉस असेल तर नियम बदलतो, पिनियनचं तोंड सरळ त्या जोडाकडे हवं. आणि पॅनहार्ड रॉड असेल तर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंना टायर आणि चेसिसमधलं अंतर मोजा.

लिफ्ट पाट्यांची असेल तर यू-बोल्ट पहिल्या १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर टॉर्क पान्याने तपासा. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, ते एकदा ताणलेले असतात. यू-बोल्ट सैल राहिले की सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर सारखं नसेल तर हेच झालंय.

प्रश्न : रिव्हर्स घेऊन पुढे निघाल्यावर पहिल्या ब्रेकला एकदाच ‘टक’. नंतर नाही.

मागे डिस्क असेल तर पॅड ब्रॅकेटमध्ये सरकताहेत. दिशा बदलली की पॅड दुसऱ्या कडेला जाऊन टेकतो, म्हणून एकदाच. पातळ पत्र्याच्या क्लिप नव्या घाला, कॅलिपरच्या सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावा. मागे ड्रम असतील तर बॅकप्लेटवर शू जिथे टेकतात तिथे खाचा पडल्यात का बघा, शू त्या खाचेत अडकून सुटतो. तेवढ्याने आवाज गेला नाही तर वर सांगितलेले यू-बोल्ट आणि आर्मचे बुश तपासा, ब्रेकच्या वेळी अ‍ॅक्सलच पिळत असेल.

प्रश्न : फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, साधा वेग) डांबरी रस्त्यावर वळताना मागून धाडकन आवाज आला आणि लिव्हर टू-व्हीलला येईना. काय तुटलं?

बहुधा काही तुटलेलं नाही, पण तसंच चालवत राहिलात तर तुटेल. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती किंवा वाळूत चाक घसरून हा फरक जिरतो. कोरड्या डांबरावर तो जिरत नाही, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो, आणि टायर उसळून घसरला की धाड. लिव्हर त्याच पिळामुळे अडकते. सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर येते. सरळ रस्त्यावरही असं होत असेल तर पुढचे-मागचे टायर मोजा. एका जोडीची नक्षी झिजलेली आणि दुसरी जोडी कोरी, एवढं कारण पुरतं.

प्रश्न : एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) असलेल्या गाडीत पार्किंगमधून वळताना मागून कर्र-ठक, कर्र-ठक. ऑइल नुकतंच बदललंय.

नुकतंच बदललंय, तिथेच शोधा. प्लेटच्या एलएसडीला घर्षण कमी करणारं मिश्रण असलेलं ऑइल लागतं. साध्या गिअर ऑइलवर प्लेटा चिकटतात आणि झटक्याने सुटतात. योग्य ऑइल भरून मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात हळूहळू आठ-दहा फेऱ्या मारा, प्लेटांमध्ये नवं ऑइल शिरतं. आपोआप लागणारा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारं साधन) बसवलेला असेल तर वळणावरचा अधूनमधूनचा ठोका हा त्याचा स्वभावच आहे. एक सावधगिरी: एलएसडी किंवा लॉकरच्या गाडीचं एकच मागचं चाक उचलून गिअरमध्ये इंजिन कधीही चालवू नका. जमिनीवरचं चाक गाडी ढकलतं.

प्रश्न : सगळं तपासलं, काहीच सापडत नाही.

मग गाडी रिकामी करा. जॅक, पाने, टो हुक, मागच्या दारावरचं स्पेअर चाक, सगळं उतरवून एक फेरी मारा. मागचं दार बिजागरीत वरखाली हलतंय का बघा. सायलेन्सर थंड असताना त्याला मुठीने हलवा, कुठे लागतो ते कळेल. आवाज डिझेल अर्ध्यावर आल्यावरच येत असेल तर टाकीचे पट्टे सैल आहेत का बघा. बॉडीखालची रबरं राहिली, ती पहारीने उचलून पाहता येतात.

प्रश्न : आवाजासकट गाडी किती दिवस चालवता येईल?

ते तो कशाचा आहे यावर. सगळ्यात आधी चाकांचे नट. अलॉय चाकं नुकती काढून बसवली असतील तर ५० ते १०० किमीनंतर ते टॉर्क पान्याने पुन्हा तपासायलाच हवेत, आणि सैल नटांचा आवाजही ‘ठक’ असाच येतो. चाक उचलून वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवा. तिथे प्ले आला तर बेअरिंग. सैल नट, बेअरिंगचा प्ले, क्रॉसभोवतीची लाल पूड, यू-बोल्ट किंवा सेंटर बोल्ट, आर्मच्या ब्रॅकेटला गेलेली चीर, यांपैकी काहीही असेल तर गाडी उभी करा. धावत्या गाडीत शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर मागचा भाग उचलला जाऊ शकतो. लिंकचा बुश, सायलेन्सरचं रबर किंवा ब्रेकची क्लिप असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबलं तरी चालतं.